दुसरी सही

परवा सकाळी कार्यालयाचं कुलूप उघडताना लोखंड हाताला झोंबलं आणि मला आधी प्रोसेसर आठवला. थंडी पडली की इथे प्रत्येकाला आपापलं काहीतरी आठवतं. द्राक्षवाल्यांना घड आठवतात. पारा फार उतरला की ते बागेत धूर करून बसतात. आमच्या घरी झेंडूची काळजी सुरू होते. मला मात्र संगणकाच्या काळ्या डब्यातली, काडेपेटीपेक्षाही लहान, चौकोनी चिप आठवते.

कार्यालय म्हणजे पंचवटीत भाजीबाजाराच्या मागच्या बोळात, भांड्यांच्या दुकानावरची एक खोली. भाजी आणि फुलं विकणाऱ्यांच्या संघटनेचं हे ठिकाण. माझे वडील, अण्णा, तीस वर्षं या संघटनेची पत्रकं लिहीत आले आहेत. पहाटे मळ्यातली फुलं बाजारात द्यायची आणि मग वर येऊन लिहायला बसायचं. तोलाई, बसायची जागा, पिण्याचं पाणी, बायकांसाठी स्वच्छतागृह. मी अक्षरं पत्रकांवर शिकले. माझ्या शाळेच्या वह्यांना पत्रकांची कव्हरं असायची, छापलेली बाजू आत आणि कोरी बाजू बाहेर. बाई शिकवत असताना मी कव्हराचा कोपरा उचलून आतल्या मागण्या वाचत बसायचे.

अण्णांच्या पत्रकाला एक नियम आहे. तळाशी दोन नावं हवीत. ज्याने लिहिलं त्याचं पहिलं. ज्याने त्यातली प्रत्येक गोष्ट स्वतः जाऊन पाहिली, त्याचं दुसरं. नळ बंद आहे असं लिहायचं असेल, तर दुसऱ्या नावाच्या माणसाने तो नळ फिरवून पाहिलेला असला पाहिजे. दुसरं नाव नसेल तर पत्रक छापखान्यात जात नाही. या नियमाने आमची काही पत्रकं आठवडाभर अडकली, काही कायमची. लहानपणी मला तो हट्ट वाटायचा. मोठी झाले तशी मी त्याचा अभिमान मिरवायला लागले. अभिमान मिरवणं आणि नियम पाळणं यांत किती अंतर असतं, ते मागच्या थंडीने शिकवलं.

दिवाळीनंतर ठरलं, की सगळी जुनी पत्रकं संगणकात घ्यायची. कपाटात सहाशेच्या वर होती. बहुतेकांची एकच प्रत उरलेली, कडा पिवळ्या, घडीवर फाटलेल्या. आमचा संगणक जुना, कुणीतरी देणगी म्हणून दिलेला. एक पान सरळ करून, डाग काढून, अक्षरं ओळखून घ्यायला तो इतका वेळ घ्यायचा की तेवढ्यात खाली जाऊन चहा पिऊन यावं. नव्याचा विचारही करण्यासारखा नव्हता. तेव्हा तुषार म्हणाला, "आहे त्यालाच पळवू की. थंडी आहे, हीच वेळ आहे."

तुषार चांदवडकडच्या एका गावचा. नाशिकला संगणक दुरुस्तीच्या दुकानात काम करतो. कॉलेजात असताना फीवाढीच्या मोर्चात माझ्या शेजारी होता, तेव्हापासूनचा मित्र. संघटनेचं काही बिघडलं की न बोलावता यायचा. स्क्रू दातात धरून बोलायची त्याची सवय. अण्णा त्याला म्हणायचे, "अरे, आधी गिळ तरी, नाहीतर थुंक."

त्यानेच मला ओव्हरक्लॉकिंग शिकवलं. प्रोसेसर सेकंदाला किती वेळा पावलं टाकणार, हे कारखान्यात ठरवून दिलेलं असतं. तो वेग थोडा वाढवता येतो. त्यासाठी त्याला थोडी जास्त वीज द्यावी लागते, आणि जास्त वीज दिली की तो तापतो. सगळी कसरत या तिघांची. वेग जास्त आणि वीज कमी पडली तर तो चुकतो. वीज वाटेल तशी वाढवली तर कायमचा जातो. म्हणून आधी मूळचे आकडे उतरवून ठेवायचे. मग एका वेळी एकच पायरी चढायची. प्रत्येक पायरीवर त्याला अवघड गणितांच्या तोंडी द्यायचं, चार तास, सलग. तो कुठे चुकतोय का, किती तापतोय, ते पाहत राहायचं. चुकला तर एक पायरी खाली.

"आणि थंडीतले आकडे उन्हाळ्यात चालत नाय," तुषार म्हणाला होता. "थोडी जागा सोडायची. हाव करायची नाय."

मला हे फार आवडलं. यात घोषणा नव्हती, पुरावा होता. मी लगेच एक वही केली. लांबट, लाल पाठीची. तारीख, वेग, वीज, तापमान, किती तास, निकाल. शेवटी दोन सह्या. पहिली, ज्याने आकडे बदलले त्याची. दुसरी, ज्याने चाचणी डोळ्यांनी पाहिली त्याची.

तुषार वही पाहून हसला. "प्रोसेसरचं पण पत्रक काढलं का तू?"

"निनावी काहीही चालायचं नाही इथे."

"बरं बाई. मागण्या पण लिही खाली. आमच्या प्रोसेसरला पंखा मिळालाच पाहिजे."

पंखा मिळाला. त्याने दुकानातून एक मोठा, जुना आणला. आधीचा पंखा काढला तेव्हा प्रोसेसरची उष्णता पंख्याकडे नेणारी पेस्ट वाळून पापुद्रे झाली होती. ती त्याने कापसाने पुसली, नवी पेस्ट मधोमध ठेवली, तुरीच्या दाण्याएवढी. "जास्त लावली म्हणजे जास्त गार, असं नसतं," म्हणाला. सकाळचं ऊन तिरपं खिडकीतून येत होतं. खालून मेथीचा ओला वास, कुणाची तरी घासाघीस, रिक्षांचा हॉर्न. खिडकी उघडी ठेवून आम्ही शाल पांघरून बसायचो, कारण गार हवा त्या डब्याला हवी होती. अण्णा कुरकुरायचे, "माणसं काकडतायत आणि यंत्राला वारा!" आणि स्वतःच उठून खिडकी अजून थोडी ढकलायचे.

पहिल्या तीन पायऱ्या आम्ही दोघांनी बसून पार केल्या. चार-चार तास. मी मटार सोलत, तो बोरं खात. पडद्यावर ओळींमागून ओळी, हिरव्या. प्रोसेसरच्या आत गणितं करणारे वेगवेगळे गाभे असतात, प्रत्येकाची ओळ वेगळी. एखाद्या गाभ्याने गणित चुकवलं, तर तेवढी एकच ओळ लाल होऊन थांबते. बाकीचे आपले पुढे चालतच राहतात. आम्ही त्या लाल ओळीची वाट पाहायचो आणि ती आली नाही की बोराच्या बिया खिडकीतून पत्र्यावर टाकायचो, टण्‌. खालचा भांडीवाला वर पाहून शिवी द्यायचा. त्या दिवसांइतकी मी कुणाशीही कधी प्रामाणिक नव्हते. म्हणजे, तेव्हा तसं वाटायचं.

चौथ्या पायरीच्या दिवशी मला बाजारात सभेची पत्रकं वाटायची होती. तुषार म्हणाला, जा तू, मी बसतो. परत आले तेव्हा वहीत त्याच्या अक्षरात लिहिलेलं होतं: चार तास, तापमान ठीक, चूक नाही. खाली त्याची सही. मी पेन उचललं आणि शेजारी माझी केली.

एवढंच. मला त्या क्षणी काहीही वाटलं नाही, हे लिहायलाच हवं. हात थबकला वगैरे काही नाही. उलट, काम पुढे सरकल्याचा आनंद झाला.

मग संगणक धावला. जी पानं दिवसाला वीस व्हायची, ती तीस-पस्तीस व्हायला लागली. संक्रांतीच्या दोन दिवस आधी शेवटचं पान झालं. सगळं एकत्र दाबून एका मोठ्या फायलीत बांधलं. जागा अपुरी होती म्हणून स्कॅन केलेली मूळ कच्ची चित्रं पुसली. मी गठ्ठ्यातली वरची आठ-दहा पानं उघडून पाहिली. स्वच्छ होती, छापखान्यातून आत्ता आल्यासारखी. त्याच गठ्ठ्याची दुसरी प्रत अण्णांच्या पेनड्राइव्हवर घेतली आणि तो त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो खिशात ठेवला, पुन्हा काढून पाहिला, पुन्हा ठेवला.

आता जे सांगते ते दुसऱ्या कुठल्या घरात झालं नसतं. दुसऱ्या कुणी जुने कागद प्लास्टिकमध्ये घालून ठेवले असते. अण्णा म्हणाले, "पत्रक कपाटात राहायला छापलेलं नसतं. संगणकात आलं ना? मग हे ज्यांचं आहे त्यांच्याकडे जाऊ दे." संक्रांतीच्या सकाळी आम्ही तिघं तिळगुळाची पिशवी आणि तीन गठ्ठे घेऊन बाजारात उतरलो. हातावर लाडू, लाडवाखाली तीस वर्षांतलं कुठलंतरी एक पत्रक. अण्णा प्रत्येकाला सांगत होते, "गोड नको, खरं बोला. आणि हे वाचा, तुमच्या बापाने काय मागितलं होतं ते." धुकं होतं. पोरं कागदाच्या घड्या उलगडून बापाचं नाव शोधत होती. एक म्हातारा हमाल स्वतःचंच नाव पाहून इतका जोरात हसला की लाडू पडला. मी अण्णांकडे पाहिलं. त्यांनी रिकामे हात झटकले. माझेही रिकामे होते. तुषार बाजाराच्या पलीकडच्या टोकाला होता. थोड्या वेळाने आला, त्याचेही हात रिकामे. म्हणाला, "झाले."

होळीच्या सुमारास कमलमावशी वर आल्या. मेथी-पालक विकतात, चाळीस वर्षं त्याच दगडावर बसतात. जिना चढून दम लागलेला.

"मुक्ता, ते मुतारीचं पत्रक काढून दे गं. संक्रांतीला मला दुसरंच मिळालं. त्याच्यात माझं नाव हाय खाली. माझं नाव पहिल्यांदा छापलं ते. नातीला दाखवायचंय. ती म्हणती, आजी, तू काय लिडर व्हती का?"

"आत्ता देते, मावशी. बसा."

फाईल उघडली. वर मथळा ठळक, काळाभोर: बाजारातील महिलांच्या... त्याखाली दोन ओळी. मग एक करडा पट्टा, पानाच्या तळापर्यंत. मागण्या नाहीत. नावं नाहीत. दुसरं पान उघडलं. तिसरं. काही उघडली, काहींनी उघडायलाच नकार दिला. काहींवर अक्षरं तिरकी घसरून एकमेकांवर चढलेली. पेनड्राइव्हवरही तेच, कारण ती त्याच चुकीची प्रत होती. जवळजवळ दोन तृतीयांश गेली होती. मावशी माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होत्या. "हे राखाडी काय हाय?" मी म्हटलं, "मशीन बिघडलंय, मावशी." त्या म्हणाल्या, "मग नीट झालं की दे. घाई नाय." आणि जिना उतरून गेल्या.

वेग वाढवलेल्या प्रोसेसरबद्दल मला वाटायचं, की वाईटात वाईट म्हणजे तो बंद पडेल, जळेल. बंद पडणारं यंत्र सभ्य असतं. ते सांगून मोकळं होतं. आमचं चालत राहिलं होतं. थंडीत तापमान कधी वर गेलंच नाही, पंखा मजेत फिरत होता. खोटं बोलायला तापावं लागत नाही. चढवलेल्या वेगाला वीज किंचित कमी पडत होती आणि हजारो बरोबर गणितांमध्ये एखादं चूक, अगदी शांतपणे, फायलीत जाऊन बसत होतं.

तुषारला बोलावलं. त्याने पाहिलं, खुर्चीत मागे टेकला. मग म्हणाला, "असं होतं कधी कधी. चाचणीत नाय सापडत." त्याचा चेहरा इतका उतरला होता की मीच त्याची समजूत घातली. मी! म्हटलं, तू काय करणार, चार तास बसलास, चूक दिसली नाही, यंत्र आहे शेवटी. सगळा उन्हाळा मी त्याला हे सांगत राहिले. पावसाळ्यात तो येईनासा झाला, तेव्हा मीच फोन करून म्हणायचे, मनाला लावून घेऊ नकोस. अण्णांनी मला एकच विचारलं होतं, "मथळे राहिले ना?" आणि पुन्हा तो विषय काढला नाही. पेनड्राइव्ह मात्र त्यांच्या शर्टाच्या खिशातच असायचा. धुवायला टाकताना आई तो काढून ठेवायची, ते पुन्हा खिशात घालायचे.

तीन आठवड्यांपूर्वी, गारठा नुकता सुरू झाला होता, तुषार दुपारी आला. टेबलावर वर्तमानपत्रात गुंडाळलेला गठ्ठा ठेवला. उघडून पाहते तर पत्रकं. खरी. पिवळ्या कडांची, घडीवर फाटलेली.

"अरे! कुठून आणलीस?"

"माझ्याकडंच होती. नव्वदच्या आसपास आहेत. संक्रांतीला माझा गठ्ठा मी पूर्ण वाटलाच नाय. पिशवीत ठेवला."

मी अक्षरशः नाचले. खाली जाऊन दोन चहा सांगून आले. एकेक कागद उचलून वास घेतला. कमलमावशींचं त्यात नव्हतं, तरी मला वाटलं, नव्वद! तुषार हसत होता, पण अर्धवट. चहा आला. कपाला हात लावला आणि तेव्हा कुठे माझ्या मंद डोक्यात प्रश्न आला.

"तू का नाही वाटलीस?"

"असंच. म्हटलं, राहू दे थोडी. काय झालं तर..."

"काय होणार होतं?"

त्याने कप खाली ठेवला.

"तुषार, संक्रांतीला काय होणार होतं? तेव्हा तर सगळं नीट होतं ना?"

खाली कुणीतरी पातेल्याचं बूड ठोकून पाहत होतं.

"लाल ओळ आली होती," तो म्हणाला. "चौथ्या पायरीला. पाऊण तासात. एकच. बाकीचे चालू होते, म्हटलं चालेल. दुकानातून फोन येत होते, मी बंद करून गेलो."

"आणि वहीत चार तास लिहिलंस."

"लिहिलं."

"का?"

"तू परत खाली आणायला लावलं असतं. परत चार तास. अण्णा संक्रांत, संक्रांत करत होते. आणि तुझ्यापुढं 'जमलं नाय' म्हणायला लय जड जातं, मुक्ते. तू लगेच भाषण देते."

मी भाषण दिलं नाही. ते तयारच नव्हतं. मला फक्त धुक्यातली ती सकाळ दिसत होती: बाजाराच्या पलीकडच्या टोकाला उभा असलेला तुषार, हातावर लाडू ठेवणारा, आणि त्याच्या पिशवीत तोंड बांधलेला गठ्ठा. स्वतःपुरती नव्वद वाचवली त्याने. उरलेली पाचशे त्याच्या डोळ्यांसमोर आम्ही वाटत होतो, हसत. त्याने एकदा हात वर केला असता, "अण्णा, थांबा" एवढंच म्हटलं असतं, तर अण्णा थांबले असते. ते कुणासाठीही थांबतात. आणि नंतर महिनोन्‌महिने तो माझ्याकडून समजूत घालून घेत राहिला. चूक मी एक वेळ माफ केली असती. ती समजूत मला परत हवी आहे.

तो गेल्यावर मी, माझ्या सवयीप्रमाणे, पत्रक लिहायला घेतलं. मथळा जमला. पहिला परिच्छेद तर धारदार उतरला. मग "आमच्या मागण्या" असं लिहून खाली एक आकडा घातला आणि तिथेच थांबले. काय मागू? काहीच सुचेना. मागणी नसलेला राग आम्ही छापत नाही. कागद चुरगळला. मग वही काढली, ती लाल पाठीची. चौथ्या पायरीचं पान. त्याचं अक्षर, त्याची सही. आणि शेजारी, तितक्याच ठामपणे, माझी. मी स्वतः पाहिलं, असं सांगणारी. ते पान फाडावंसं वाटलं. फाडलं नाही.

परवाच्या त्या गार सकाळी मी संगणक मूळच्या आकड्यांवर आणला. सुरुवातीला उतरवून ठेवले होते ते वहीच्या पहिल्या पानावर होते, तेवढं तरी नीट केलं होतं. नव्वद पत्रकं घ्यायची तर आधी चाचणी. मी दार लावलं, मटारांची पिशवी घेतली आणि बसले. फोन वाजला, उचलला नाही. चार तास हिरव्या ओळी. वेग जुनाच, रखडता. पानं पुन्हा दिवसाला वीस होतील. होऊ देत. वहीत लिहिलं: मूळ वेग, चार तास, चूक नाही. सही केली.

दुपारी अण्णा आले, मफलर कानावरून घेतलेला. तुषारचं सगळं त्यांना मी आठवडाभरापूर्वीच सांगितलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं होतं आणि मळ्यात निघून गेले होते. आता त्यांनी गठ्ठ्यावर हात ठेवला, मग वही पाहिली.

"झाली चाचणी?"

"झाली. काही चूक नाही. मी हलले नाही इथून." मी पेन त्यांच्यापुढे केलं. "दुसरी सही तुम्ही करा."

त्यांनी पेन घेतलं. चष्मा वर सरकवून ओळ वाचली. मग पेनाचं टोपण लावलं आणि ते वहीवर आडवं ठेवलं.

"मी कुठे पाहिलंय?"

"अण्णा, मी सांगतेय ना."

"ते त्यानेही सांगितलंच होतं तुला."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. मला त्याहून जास्त लागलं ते. त्यांनी कोपऱ्यातली खुर्ची ओढली, पडद्यासमोर ठेवली, मफलर सोडून मांडीवर घेतला. उरलेल्या मटारांतून मूठभर स्वतःकडे ओढले.

"परत लाव. मला आज काही काम नाही."

मी चाचणी पुन्हा सुरू केली. पंख्याचा आवाज वाढला. अण्णा पुढे वाकले, इतके की पडद्यावरचा हिरवा उजेड त्यांच्या चष्म्यात उतरला.

"लाल ओळ नेमकी कुठे येते," ते म्हणाले, "ते मला आधी दाखव."